पेन्शनच्या पैशाने वेग विकत घेऊ नका

रिटायरमेंट जवळ आलेल्या किंवा नुकत्याच घरी गेलेल्या मंडळींचे फोन हल्ली वाढले आहेत आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. "साहेब, पॅरामोटर घ्यायचीय. कम्युटेशनचे पैसे आलेत. विंग कोणती घेऊ?" कुणी साताऱ्याहून विचारतो, कुणी चाळीसगावहून. एकाने तर विंगचं नावही ठरवून ठेवलं होतं. व्हिडिओत बघितलेली, लहान, लाल-काळी, जमिनीपासून हातभर अंतरावरून सुसाट जाणारी. त्याला माझा फक्त होकार हवा होता. तो मी दिला नाही. का दिला नाही ते एकदाच सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी फोनवर अर्धा तास जाणार नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. पॅरामोटर म्हणजे पाठीवर पंचवीस किलोच्या आसपासचं टू-स्ट्रोक इंजिन, त्याच्याभोवती पिंजरा, मागे प्रॉपेलर आणि डोक्यावर पॅराग्लायडरसारखी कापडी विंग. डोंगर लागत नाही. सपाट मैदानावरून धावायचं, विंग डोक्यावर आली की थ्रॉटल द्यायचा आणि पाय जमिनीवरून सुटतात. गावातली पोरं "पॅराशूट आलं" म्हणून मागे धावतात. पॅराशूट उतरण्यासाठी असतं आणि ही विंग उडण्यासाठी, हे त्यांना सांगायला आपण खाली नसतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. जो माणूस वर्षात पंधरा-वीस दिवस उडतो आणि तेही दर वेळी वेगळ्या ठिकाणी जाऊन, त्याने आपल्या वजनाला बसणारी साधी, संथ विंग घ्यावी. फार तर मधल्या वर्गातली. लहान, वेगवान, फुल रिफ्लेक्स विंग त्याच्यासाठी नाही. छाती किती मोठी आहे याचा इथे संबंध नाही. हवेचा आणि हाताच्या सवयीचा आहे.

गेल्या काही वर्षांत बदल्यांच्या आणि सुट्ट्यांच्या निमित्ताने तीन प्रकारच्या विंग मी चार वेगवेगळ्या हवेत उडवल्या. नाशिकजवळचं पठार, ओडिशात गंजाम जिल्ह्याचा किनारा, राजस्थानात नसीराबादच्या बाजूचं माळरान आणि हिमाचलात कांगडा खोऱ्यातली बीरच्या आसपासची शेतं. इंजिन तेच, माणूस तोच. माझं वजन ७४ किलो. इंजिन, हार्नेस, दहा लिटर पेट्रोल, हेल्मेट, बूट, रिझर्व्ह आणि विंग धरून एकूण ११८ किलोच्या आसपास जातं.

पहिली विंग २८ चौरस मीटरची, साध्या पॅराग्लायडरच्या जातीची, शिकाऊ माणसालाही देता येईल अशी. दुसरी २६ मीटरची, थोडा रिफ्लेक्स असलेली. ओझोनची रोडस्टर या मधल्या वर्गात मोडते. तिसरी २२ मीटरची, फुल रिफ्लेक्स. दुडेकची न्यूक्लियॉन किंवा ओझोनची वायपर या घराण्यातल्या. तिन्ही वर्गांत चांगल्या कंपन्यांचा माल चांगलाच असतो. प्रश्न मालाचा नाही, कोण कुठे वापरणार याचा आहे.

आता हिशेब. ११८ किलो २८ मीटरवर टांगले तर दर चौरस मीटरला ४.२ किलो भार येतो. २२ मीटरवर तोच भार ५.४ किलो होतो. विंगचा वेग या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे बाकी सगळं सारखं धरलं तरी नुसत्या आकारामुळे लहान विंग सुमारे १३ टक्के जास्त वेगाने उडते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, ती सुमारे २७ टक्के जास्त. आणि हे सगळं पाठीवर इंजिन घेऊन आपल्याच पायांवर झेलायचं असतं. पन्नाशीतले गुडघे, त्यात वीस वर्षांची पीटी आणि रूट मार्च झालेले.

यात जागेची भर पडते आणि इथेच व्हिडिओ बघून घेतलेला निर्णय फसतो. समुद्रसपाटीला प्रमाणित हवेची घनता दर घनमीटरला १.२२५ किलो धरतात. बीरला, म्हणजे १,४०० ते १,५०० मीटरवर, ती सुमारे १४ टक्क्यांनी कमी होते. विंगला तेवढाच उठाव मिळवायला सात-आठ टक्के जास्त वेग लागतो. म्हणजे टेकऑफला तेवढं जास्त पळायचं आणि उतरताना तेवढ्याच जास्त वेगाने जमिनीशी गाठ. इंजिनलाही हवा कमी मिळते, त्यामुळे जोर घटतो. लेहला मी पॅरामोटर उडवलेली नाही, पण हिशेब सांगतो. साडेतीन हजार मीटरवर हवा सुमारे ७० टक्के उरते. तिथे लहान विंग घेऊन पळायचं तर किनाऱ्यावर मोठ्या विंगला लागणाऱ्या वेगापेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त वेग हवा. ज्याने लेहला उतरल्यावर पहिल्या दिवशी जिना चढून बघितला आहे त्याला पुढचं सांगायला नको.

उंचीचं भान आपल्या लोकांना असतं. उष्णतेचं नसतं. नसीराबाद साडेचारशे मीटरवर आहे, म्हणजे तसं सपाटच. पण मे महिन्यात पारा ४४ वर गेला की तिथल्या हवेची घनता प्रमाणित वातावरणातल्या १,५०० मीटर उंचीएवढी होते. म्हणजे दुपारी नसीराबादच्या मैदानावर उभा असलेला माणूस विंगच्या दृष्टीने बीरला उभा असतो, फक्त समोर डोंगर दिसत नाहीत म्हणून त्याला ते कळत नाही. पहाटे २८ अंश असताना हाच आकडा हजार मीटरच्या आसपास येतो. तिथे पहाटेच उडायचं, याची थर्मलइतकंच हेही एक कारण आहे.

माझ्या वहीत चारही ठिकाणच्या टेकऑफची पावलं मोजून लिहिलेली आहेत. किनाऱ्यावर पहाटे वारा पडलेला असताना २८ मीटरची विंग मला दहा-बारा पावलांत उचलायची. बीरला, वारा नसताना, २२ मीटरच्या विंगला पंचवीसच्या वर पावलं लागली आणि पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात पंचवीस पावलांनंतर बांध येतो. दुसऱ्या दिवशी मी मोठी विंग काढली आणि बांधाच्या बऱ्याच अलीकडे हवेत होतो.

उतरण्याच्या जागेचंही तसंच. नाशिककडे वरून जमीन हिरवीगार आणि मऊ दिसते. त्यातली अर्धी द्राक्षबाग असते आणि बागेत लोखंडी तारा आणि अँगल. इंजिन बंद पडलं तर कांद्याचा एखादा मोकळा वाफा शोधून त्यातच उतरावं लागतं. राजस्थानात विलायती बाभळीचे काटे विंगची वाट बघत असतात. लहान जागेत हळू उतरता येणं ही या देशात चैन नाही, गरज आहे. परदेशी व्हिडिओतली कापलेल्या गवताची मैलभर कुरणं आपल्याकडे कुठे आहेत?

आता सगळ्यात महत्त्वाचं, हाताच्या सवयीचं. रिफ्लेक्स विंगची मागची कड किंचित वर वळलेली असते. ट्रिमर सोडले की भार पुढच्या दोऱ्यांवर जातो, विंग वेग घेते आणि समोरून मिटायला सहजी तयार होत नाही. हा खरा गुण आहे, मी नाकारत नाही. पण त्याची अट अशी की ट्रिमर सोडलेले असताना मुख्य ब्रेक ओढायचे नाहीत. ओढले तर वर वळलेली मागची कड खाली येते, रिफ्लेक्स जातो आणि त्या वेगात विंग मिटली तर साध्या विंगपेक्षा जास्त जोरात मिटते. वळायचं ते टोकाच्या वेगळ्या दोऱ्यांनी. साध्या विंगचा नियम याच्या बरोबर उलटा. हवा हलायला लागली की ब्रेकवर हलका ताण ठेवायचा, विंग पुढे झेपावली की ब्रेकने धरायची.

म्हणजे दोन विंगसाठी दोन उलटे नियम. रोज उडणाऱ्याच्या हातात दोन्ही बसतात. वर्षात पंधरा दिवस उडणाऱ्याच्या हातात घाबरल्या क्षणी कोणता नियम येईल ते सांगता येत नाही. फौजेत हत्यार खोलणं-जोडणं अंधारात, डोळे बांधून करून घेतात ते याचसाठी. अडचणीच्या वेळी डोकं चालत नाही, हात चालतात. मग ज्या हाताला एकच ड्रिल पक्कं करायला वेळ आहे त्याला दोन उलटी ड्रिल कशाला शिकवायची?

हे पुस्तकी वाटू नये म्हणून डोळ्यांदेखत झालेलं एक सांगतो. नाव-गाव सांगत नाही. निवृत्त नायब सुभेदार, तब्येतीने खणखणीत, शिकून जेमतेम एक सीझन झालेला. विकणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं, "तुमच्यासारख्या फौजी माणसाला शिकाऊ विंग शोभत नाही." सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते, जमीन तापली होती, ट्रिमर सोडलेले. परत येताना साठ-सत्तर फुटांवर विंगला धक्का बसला. त्यांनी पहिल्या कोर्सात जे शिकवलं होतं तेच केलं, दोन्ही ब्रेक ओढले. विंगची एक बाजू मिटली, यंत्र फिरलं आणि ते पाठीवर आले. पिंजऱ्याने थोडं झेललं म्हणून जीव वाचला. कमरेचा मणका मोडला. आज काठी घेऊन चालतात. ज्या माणसाला तीस वर्षांच्या नोकरीत ओरखडा आला नाही, तो सुट्टीच्या खेळात असा झाला. त्यांच्या हातांनी चूक केली असं मी म्हणणार नाही, हातांनी शिकवलेलं केलं. विंग त्या हातांची नव्हती.

"फौजी माणसाला शोभत नाही" हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे आणि मला त्याचा राग येतो. आपल्या लोकांच्या स्वाभिमानाला हात घालून त्यांना नको ते विकायची ही युक्ती आहे. रिक्रूट पहिल्या दिवशी फायरिंग रेंजवर जात नाही. पॅराट्रूपरसुद्धा आधी जमिनीवरच्या उड्या मारतो, मग विमानात बसतो. क्रमाने जाणं हीच फौजेची रीत आहे.

आता समोरच्या बाजूचं. वेगवान विंगच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा वाऱ्याचा. ३८ किलोमीटर वेगाची विंग ३० किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यात अडकते, जमिनीवरचा वेग आठ उरतो आणि पेट्रोल संपत जातं. ५५ ने जाणारी विंग घरी येते. खरं आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे हलका वाहतो आणि दहाच्या सुमारास उलटून समुद्राकडून चढत जातो. तिथे मधल्या वर्गाच्या विंगचे ट्रिमर सोडून मिळणारे आठ-दहा किलोमीटर मला उपयोगी पडलेले आहेत. म्हणूनच पहिल्या दोन सीझननंतर मधली विंग घ्यायला माझी हरकत नाही. पण नवख्या माणसाला ३८ पुरत नाही इतका वारा असेल तर त्याने त्या सकाळी चहा प्यावा. वेगवान विंग त्याला अशा हवेत वर न्यायचा धीर देते आणि उतरायचं शेवटी त्याच हवेतून, तेही ट्रिमर ओढून, हळू वेगात.

दुसरा मुद्दा लांब पल्ल्याचा. २०१६ साली हवाई दलाच्या चमूने कलाईकुंडाहून निघून 'प्रदक्षिणा' मोहिमेत पॅरामोटरवर देशाला फेरी घातली, दहा हजार किलोमीटरच्या वर. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण ती मोहीम होती, निवडलेल्या आणि तयारी केलेल्या माणसांची. त्यांचं बघून आपण विंग निवडणं म्हणजे एव्हरेस्टच्या चमूचे बूट घालून सिंहगड चढणं. शिवाय ट्रिमर सोडून वेगात उडताना पेट्रोलही जास्त लागतं. माझ्या इंजिनला मोठ्या विंगवर आरामात उडताना तासाला साडेतीन-चार लिटर पुरतं, लहान विंग पळवली की पाचच्या जवळ जातं.

"मग सगळ्यात मोठी घेऊ का?" असंही एकाने विचारलं. नाही. प्रत्येक विंगवर वजनाचा पट्टा दिलेला असतो आणि बऱ्याच कंपन्या इंजिनसह आणि इंजिनाविना असे दोन वेगळे पट्टे देतात. इंजिनसह एकूण वजन त्या पट्ट्याच्या मध्यावर बसायला हवं. हलक्या माणसाने फार मोठी विंग घेतली तर ती खडबडीत हवेत लवकर मिटते आणि जमिनीवर वाऱ्यात फरफटत नेते. ईएन दर्जाचं ए-बी-सी-डी अक्षर बघतानाही एवढं लक्षात ठेवा की ती चाचणी इंजिनाविना घेतली जाते आणि ती ठरावीक आकार, ठरावीक वजन आणि ट्रिमरची ठरावीक जागा यांच्यापुरतीच खरी असते. ट्रिमर सोडल्यावर तेच अक्षर लागू राहतं असं धरू नका.

विंगची तुलना करायची असेल तर एका सकाळी, एकाच मैदानावर, त्याच इंजिनवर, त्याच वजनाने करा. नाहीतर आपण विंग नाही, हवामान तोलत असतो. चार गोष्टी वहीत लिहा. वारा नसताना टेकऑफची पावलं किती. हात सोडून सरळ उडताना जीपीएसवर वाऱ्याविरुद्ध आणि वाऱ्याबरोबर वेग किती, दोन्हींची सरासरी हा विंगचा खरा वेग. इंजिन आयडलवर ठेवून तीनशे मीटरवरून दोनशेवर यायला किती सेकंद लागले. आणि उतरल्यावर किती पावलांत थांबलात. लोक दुसऱ्या आकड्यावर भांडतात. मी पहिला आणि चौथा बघतो, कारण हाडं तिथे मोडतात.

प्रवासाचंही विंग निवडताना बघा, कारण आपल्याला उडण्यासाठी रेल्वेनेच जायचं असतं. पेट्रोल गाडीत न्यायला बंदी आहे, तेव्हा टाकी रिकामी करून दोन दिवस उघडी वाळवा, वास राहता कामा नये. इंजिन ट्रंकेत घालून लगेजच्या डब्यात द्या, प्रॉपेलर वेगळा गुंडाळा. विंग मात्र हातची सोडू नका, बर्थवर उशाला घ्या. बऱ्याच नव्या विंगच्या पुढच्या कडेत नायलॉनच्या काड्या असतात. त्या वाकल्या की विंग नीट भरत नाही, म्हणून घड्या काडीवर काडी येईल अशा घालाव्या लागतात. साधी विंग थोडं हयगयीचं पॅकिंग खपवून घेते, रेसिंगची घेत नाही. राजस्थानातून निघताना कप्प्यांतली वाळू झटका, ती आतून कापड घासते. किनाऱ्यावरून आल्यावर खारं पाणी लागलेला भाग गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. उन्हात विंग पसरून गप्पा मारत बसू नका, ऊन कापड खातं.

आणि किनाऱ्यावर एक पथ्य पाळाच. इंजिन बंद पडलं तर सरकत किनाऱ्यावर पोहोचता येईल इतक्याच अंतरावर राहा. पहाटेचा वारा समुद्राकडे ढकलतो हे धरून. पाठीवर इंजिन आणि अंगावर दोऱ्या असताना कंबरभर पाणीही पुरेसं असतं.

परवानगीचं आपल्या लोकांनी तरी हलक्यात घेऊ नये. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम, जवळच्या विमानतळाची किंवा हवाई तळाची हद्द, स्थानिक प्रशासन आणि पोलीस, हे सगळं आधी. दिल्लीत २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास पॅराग्लायडर, पॅरामोटरवर पोलिसांची बंदी दर वर्षी निघते. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायलवर हल्ला करताना इंजिनवाली पॅराग्लायडर वापरली, तेव्हापासून कुठल्याही सुरक्षारक्षकाला आकाशात असं काही दिसलं की शंका येणारच. आपण त्याच्या जागी उभे राहिलेलो आहोत. "मी एक्स-सर्व्हिसमन आहे" हे खाली उतरल्यावर सांगण्यापेक्षा वर जायच्या आधी कागद दाखवावा.

तेव्हा ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी असं करा. एका चांगल्या शिक्षकाकडे पूर्ण कोर्स करा, इंजिनाशिवाय जमिनीवर विंग हाताळण्याचे दहा-बारा तास घाला. इंजिनसह तुमच्या वजनाच्या पट्ट्याच्या मध्यावर बसणारी साधी विंग घ्या. वापरलेली घेत असाल तर कापडाची सच्छिद्रता आणि दोऱ्यांची लांबी तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. रिझर्व्ह नवं घ्या. दोन सीझन, किमान तीन वेगळ्या ठिकाणी तीच विंग उडवा. त्यानंतरही वेग हवासा वाटला तर मधल्या वर्गाची कुणाकडून तरी एक सकाळ मागून घ्या आणि वहीत चार आकडे लिहा. फुल रिफ्लेक्सचा विचार दर आठवड्याला उडायला मिळत असेल तरच.

नवा सेट छोट्या मोटारीच्या किमतीत जातो. एवढे पैसे घालून वरून गोदावरीचं वळण बघायचं असेल, धुक्यातली शेतं बघायची असतील, तर ती ३८ किलोमीटरच्या वेगाने ५५ पेक्षा जास्त चांगली दिसतात. खाली तुमची वाट बघणाऱ्या माणसालाही तुम्ही किती वेगाने आलात यात रस नसतो.